डाव्या गालातली जागा

३ मार्च

मेहुणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. तुमची ताई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळची आवराआवर झाली की खिडकीजवळच्या टेबलाशी बसून तुम्हांस पत्र लिहीत असे. मी समोर वर्तमानपत्र वाचीत असे. मधूनच तिचे हसणे ऐकू आले की मी विचारी, "काय झाले?" ती म्हणे, "आमचं बहीण-भावाचं आहे. तुम्ही वाचा तुमचं."

तिला जाऊन काल आठ महिने झाले. आज पहिला रविवार आहे. टेबल रिकामे पाहवेना, म्हणून लिहावयास बसलो. मला कोणास हसविता येत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही या घरातून त्या घरी जाणारी टपालाची वाट माझ्यामुळे मोडू नये, असे वाटले.

एक काम आहे. आमच्या लग्नात तुम्ही स्वतः बांधून दिलेली तिची खुर्ची डाव्या बाजूने खचली आहे. येथील एका सोफा-दुरुस्तीवाल्यास दाखविली. त्याने ती उलटी करून आत पाहिले आणि "हे काम कुणाचं?" असे विचारले. मी सांगितले. तो म्हणाला, "मग मी हात लावत नाही, साहेब. माझं काम शेजारी बसलं की उघडं पडेल." तुम्हांस हे ऐकून बरे वाटेल. मला स्वतःला ती दुरुस्त करता येण्याजोगी असल्यास रीत कळवावी.

वजन-मापांच्या कार्यालयात नियमित जातो. गेल्या आठवड्यात भाजीबाजारातील एकसष्ट तराजू तपासले, चार खोटे निघाले. लोक अजूनही विचारतात की आजार इतक्या उशिरा कसा कळला. मी सर्वांना तेच सांगतो जे रुग्णालयात तुम्हांस सांगितले होते. आधी कळण्यासारखे काहीही नव्हते. काही आजार तसे असतात.

प्रकृतीस जपावे. वहिनींस नमस्कार सांगावा.

तुमच्या ताईचे यजमान

१९ मार्च

भाऊजी,

पाकीट आलं तेव्हा माझ्या तोंडात वीस-पंचवीस खिळे होते. मागे पत्ता ताईच्या घरचा आणि अक्षर सरळ रेघेत उभ्या शिपायांसारखं. खिळे थुंकले, हात पुसले, मग फोडलं. बरं केलंत लिहिलंत ते. हसवायचं माझ्याकडे राहू द्या.

खुर्चीचं सांगतो. उलटी करा. खालचं काळं कापड काढा. आत आडवे-उभे पट्टे विणलेले दिसतील, त्यातला डावीकडचा एक ढिला झाला असणार. जुने खिळे उचकटून काढा, पट्टा ओढून ताणा आणि पुन्हा ठोका. पुरेसा ताणला की नाही ते टिचकी मारून बघायचं. टण्ण वाजला पाहिजे. धप्प वाजला तर सोडा आणि परत ओढा. खिळे मात्र बशीत ठेवा. माझं बघून तोंडात घ्याल! ते तीस वर्षांच्या सवयीचं काम आहे. मूठभर खिळे डाव्या गालात ठेवायचे, जिभेने एकेक पुढे आणायचा, ओठांत उभा करायचा, हातोडीचं चुंबक त्याला लावायचं आणि ठाक. दोन्ही हात कापड ताणायला मोकळे. माझे उस्ताद म्हणायचे, तोंडात खिळे असले की कारागीर गिऱ्हाइकाशी भांडत नाही आणि बायकोशी तर नाहीच.

सध्या एका नाट्यगृहाच्या खुर्च्या घेतल्यात. दोनशे चाळीस. मान वर करायला वेळ नाही. त्यात डाव्या गालात आतून एक जागा चरचरतेय, महिनाभर झाला. खिळ्यांचं घरच तिथं, गाल तरी किती सोसणार? तंबाखूचं म्हणाल तर नऊ वर्षांपूर्वी ताईने शपथ घातली, तेव्हापासून शिवलेलो नाही. त्यामुळे तशी काळजी नाही.

खुर्ची वाजली की कळवा.

तुमचा मेहुणा

(पत्राच्या कडेला, उभ्या ओळींत, दुसऱ्या अक्षरात)

भाऊजी, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. महिना कसला, थंडी पडायच्या आधीपासून आहे. घास उजवीकडेच फिरवतात. तिखट बंद केलंय आणि वर म्हणतात वय झालं. मी "दाखवा" म्हटलं की खिळे तोंडात भरतात, म्हणजे बोलायला नको. तुमचं ऐकतील.

२४ मार्च

मेहुणेबुवा यांस,

नमस्कार. खुर्चीविषयीची सूचना स्पष्ट आहे. साहित्य आणले आहे.

तुमच्या गालातील जागेविषयी वाचले. महिना झाला असो वा अधिक, माझे म्हणणे एकच राहील. तोंडातील जखम, पांढरा वा लाल चट्टा, गाठ किंवा जाडसर झालेली जागा दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर दातांच्या डॉक्टरांस दाखवावी. ती दुखत असो वा नसो. तोंड पूर्ण उघडेनासे होणे, गिळताना टोचणे, ओठ किंवा जीभ बधिर वाटणे यांसही हेच लागू आहे. पुष्कळदा काही साधेच निघते. परंतु ते साधे आहे हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि आरशालाही नाही. हे सर्व माझ्या वाचनात आले आहे.

नाट्यगृहाचे काम सोडून जाणे तुम्हांस लगेच जमणार नसेल, तर तोपर्यंत एक चाचणी सुचवितो. दोन पारड्यांचा तराजू तपासताना आम्ही वजने डावीकडची उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे करतो. दोष वजनात असेल तर तो वजनाबरोबर पलीकडे जातो. दांडीत असेल तर जागच्या जागी राहतो. तुम्ही पंधरा दिवस खिळे उजव्या गालात ठेवावेत. डावी जागा बरी झाली तर दोष खिळ्यांचा. बरी न झाल्यास विनाविलंब डॉक्टर.

काय होते ते कळवावे.

तुमचा

१४ एप्रिल

निरीक्षकसाहेबांना सलाम!

हुकूम पाळला. खिळे उजवीकडे नेले. पहिल्या दिवशी जीभ वाट चुकली आणि दोन खिळे गिळता गिळता राहिलो. बायको म्हणाली, "गिळा, म्हणजे पोटात गादी शिवून होईल." आता हात बसलाय, म्हणजे जीभ बसलीय. दोनशे चाळीसपैकी एकशे साठ खुर्च्या उरकल्या. व्यवस्थापक रोज येऊन एका खुर्चीवर बसून बघतो, जसं काही नाटक सुरूच झालंय.

आणि हो, दाखवलंसुद्धा! आमच्या चौकात दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. आ करायला लावला, बॅटरी मारली, दोन मिनिटांत म्हणाल्या, काही नाही, खिळ्याने घासलंय. त्यांची ती लांबलचक खुर्ची आहे ना, तिचं रेक्झिन हातापाशी फाटलंय, वर चिकटपट्टी लावलीय. म्हटलं, बाई, तुम्ही माझा गाल बघितलात, आता मी तुमची खुर्ची बघतो.

झालं ना समाधान? आता ताईची खुर्ची वाजली का ते सांगा.

मेहुणा

१८ एप्रिल

मेहुणेबुवा यांस,

तुमचे पत्र चार वेळा वाचले. पुढील मजकुराने तुम्हांस राग येईल. तो येऊ द्यावा.

तुम्ही डॉक्टरांकडे गेला असाल, परंतु त्यांनी तुम्हांस तपासलेले नाही. जो डॉक्टर गालातील जुनी जागा पाहतो, तो नुसता प्रकाश टाकून थांबत नाही. तो जिभेचे टोक कापडी पट्टीत धरतो आणि जीभ बाहेर ओढून प्रथम एका कडेने व मग दुसऱ्या कडेने पाहतो. जीभ उचलून खालचा भाग पाहतो, टाळू पाहतो. एक बोट गालाच्या आत आणि एक बाहेर ठेवून गाल चाचपतो. शेवटी जबड्याखाली आणि मानेवर बोटे दाबून गाठी शोधतो. यास दोन मिनिटे पुरत नाहीत. आणि कोणा बाईंनी तुमची जीभ चिंधीत धरून ओढली असती, तर तुम्ही त्यावर मला अर्धे पान लिहिले असते.

दुसरे असे, की खिळे उजवीकडे नेल्यानंतर डावी जागा बरी झाली किंवा नाही, हे तुम्ही कळविलेले नाही. मी चोवीस वर्षे खोट्या तराजूंच्या मालकांचे बोलणे ऐकत आलो आहे. ते हवामानाविषयी बोलतात, मुलांविषयी बोलतात, माझ्या तब्येतीची चौकशी करतात. तराजू सोडून सर्व विषयांवर बोलतात.

आता माझ्या तराजूविषयी. ती तपासणी कशी होते हे मला वाचनातून कळलेले नाही. मी त्या खोलीत भिंतीशी उभा होतो आणि जीभ तुमच्या ताईची होती.

त्याच्या आधी तीन महिने, सप्टेंबरात, एका सकाळी मी कामावर निघण्याच्या तयारीत होतो. प्रमाण-वजनांची पेटी बंद करीत होतो. ती हात धुण्याच्या जागेकडून विजेरी घेऊन आली आणि म्हणाली, "जरा बघा हो, जिभेच्या कडेला काहीतरी आहे. जात नाहीये." मी विजेरी घेतली. तिने तोंड उघडले. मी विजेरी तिच्या तोंडाकडे केली आणि पाहिले नाही. डोळे तिकडे होते, इतकेच मी म्हणू शकतो. पाव ग्रॅमची खोट ओळखण्याचे वेतन मी घेतो, आणि हातभर अंतरावरील जीभ मी पाहिली नाही. "जिभेला दात घासत आहे," असे म्हणून पेटी उचलून निघालो. नंतर तिने विचारले नाही. मीही विचारले नाही. डिसेंबरात तिला बोलताना दुखू लागले, तेव्हा गेलो.

डॉक्टरांनी विचारले, "किती दिवसांपासून आहे?" तिने माझ्याकडे पाहिले. मग त्यांना म्हणाली, "फार नाही झाले." ती माझ्यासाठी खोटे बोलली आणि मी ते बोलू दिले. पुढे तेच मी तुम्हांस सांगितले, सर्वांना सांगितले. आधी कळण्यासारखे काहीही नव्हते! तुम्ही तेव्हा रुग्णालयाच्या दाराची चौकट धरून गप्प उभे होतात. त्या शांततेत मला तुमचा विश्वास दिसला होता.

पारड्यांच्या अदलाबदलीची चाचणीही त्याच जातीची. तिच्यामुळे मला तुमच्या गालाकडे न पाहता पंधरा दिवस काढता आले. ती मी मागे घेत आहे. खिळे कोणत्याही गालात ठेवा, परंतु उद्या सकाळी जा. तुम्हांस मला शिव्या द्यावयाच्या असतील तर तपासणीनंतर द्याव्यात.

अपराधी

३० एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र बायकोने आधी फोडलं. वाचून माझ्या हातात दिलं आणि दोन दिवस अबोला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याही तोंडात खिळे.

हो, खोटं लिहिलं. दवाखान्यात गेलो होतो, पण उंबऱ्यापर्यंतच. आतलं दार उघडं होतं, ती खुर्ची दिसली, फाटलेलं रेक्झिन दिसलं, वर लटकणारा दिवा दिसला. बाई म्हणाल्या, "या, बसा." मी म्हटलं, "खुर्चीचं माप घ्यायला आलो होतो, नंतर येतो." आणि सटकलो. अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा!

डावी जागा बरी झालेली नाही. आधी खरखरीत होती, आता जिभेला काठ लागतो, शिवणीच्या दोऱ्यासारखा. झालं? लिहिलं.

आता माझं ऐका. तुम्ही जे दीड वर्ष पोटात ठेवलंत ते मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. ताईने तेव्हाच लिहिलं होतं. जिभेला काहीतरी झालंय, बॅटरी, दात, सगळं. म्हणून त्या चौकटीपाशी तुम्ही "कळण्यासारखं काही नव्हतं" म्हणालात तेव्हा तुमची कॉलर धरावीशी वाटली होती. हात चौकटीला घट्ट धरून ठेवला तो त्यासाठी. विश्वास कसला घेऊन बसलात!

आणि का नाही धरली, तेही सांगतो. ताईच्या त्या पत्राला मी काय उत्तर दिलं होतं माहितेय? "मिठाच्या पाण्याने गुळण्या कर, आणि भाऊजींना म्हणावं, तराजूत बसल्याशिवाय बायको दिसत नाही का?" एवढंच. विनोद केला. तिलाही आवडला असणार, पुढच्या पत्रात तिने जिभेचं काही लिहिलंच नाही. कॉलर धरायची तर दोन धराव्या लागल्या असत्या आणि त्यातली एक माझी. मग आठ महिने तुम्हाला पत्रच लिहिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, दुःखात आहे. दुःखात होतोच. पण रागातही होतो, आणि तुम्ही आपणहून कधी बोलता याची वाट बघत होतो.

भाऊजी, मला भीती वाटते. ताई अशाच दारातून आत गेली आणि सात महिन्यांत संपली. वाटतं, मी आत गेलो की बाहेर येणारा मी नसेन. न जाता निदान खुर्च्या तरी होतायत.

ताईचं ते पत्र माझ्याकडे आहे. टपालाने पाठवणार नाही. येऊन न्या. आणि आलात की आधी बॅटरी धरा. तुम्ही माझ्या तोंडात बघा, नीट बघा. तुम्ही बघितलंत तर मी त्या खुर्चीत बसतो. नाही बघितलंत तर मीही नाही जात. ही माझी अट. ताईचा भाऊ आहे, हट्ट मलाही येतो.

ठोक्या
(ती मला याच नावाने हाक मारायची. लहानपणी दिसेल ते ठोकायचो म्हणून.)

४ मे

मेहुणेबुवा यांस,

अट मान्य आहे. रजा मंजूर झाली. रविवारी, बारा तारखेस, दुपारपर्यंत पोहोचतो. सोमवारी सकाळची पहिली वेळ वहिनींनी डॉक्टरीणबाईंकडून घेऊन ठेवावी. वेळ तुमच्या नावाने घ्यावी, खुर्चीच्या मापासाठी नव्हे.

विजेरी आहे. सेल नवीन घातले आहेत.

पत्र मला तपासणी पूर्ण झाल्यावरच द्यावे. आधी दिल्यास माझे लक्ष विचलित होईल.

तुमचा

१९ जून

भाऊजी,

बोलायला अजून आठवडाभर बंदी आहे, म्हणून घरात पाटी आणि तुम्हाला कागद. बायको म्हणते, हा काळ तिच्या संसारातला सोन्याचा काळ आहे. मी पाटीवर उत्तर लिहीपर्यंत ती स्वयंपाकघरात निघून जाते.

तुकड्याच्या तपासणीत तो शब्द निघाला, ते तिने तुम्हाला फोनवर सांगितलंच होतं. आता शस्त्रक्रियेनंतरचा कागद आलाय. गालाचा जो भाग काढला त्याच्या चारी कडा स्वच्छ आहेत. मानेतल्या गाठीही काढून तपासल्या, त्यांत काही नाही. डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीचा होता. चार-सहा महिने आणखी काढले असतेत तर जबड्याला हात घालावा लागला असता, आणि मग मी काही वचन दिलं नसतं." आत्ताही वचन नाही, पहिलं वर्ष दर महिन्याला दाखवायचं आणि पुढेही सोडायचं नाही. तोंड दोन बोटं उघडतं. तिसऱ्या बोटासाठी व्यायाम दिलाय. मांडीवरची थोडी कातडी आता गालात राहायला आलीय.

खिळे गेले. स्टेपलची बंदूक आणलीय. उरलेल्या तीसेक खुर्च्या कामातल्या जोडीदाराने तिच्यावरच उरकल्या. बंदूक सकाळभर खटखट करते, कानांना त्रास, पण तिला गाल नसतो. पहिलं काम डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीचं घेणार. जीभ पट्टीत धरून ओढली त्यांनी, अगदी तुम्ही लिहिलं होतं तशीच, त्याचा सूड म्हणून असं ताठ बांधून देतो की पेशंट उठणारच नाही.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. त्या रविवारी तुम्ही मला खिडकीपाशी बसवलंत, चष्मा दोनदा पुसलात आणि बॅटरी धरलीत. मी मुद्दाम तुमच्या डोळ्यांकडे बघत होतो, म्हटलं हा माणूस बघतो का नाही ते बघू. किती वेळ बघितलंत, भाऊजी! माझा जबडा दुखायला लागला. मग बॅटरी बंद केलीत आणि म्हणालात, "पांढरा आहे. मध्ये लाल. मागची कडा उचललेली. रुंदी करंगळीच्या नखाएवढी. मी पाहिले." एखादा तराजू जप्त करावा तसं. आणि मागच्या नळावर गेलात. नळ किती वेळ वाहत होता ते आम्ही दोघं आत ऐकत होतो. पण मला तेव्हाच हायसं वाटलं होतं. कुणीतरी बघितलं होतं ना. मग दुसऱ्या दिवशी त्या दारातून आत जाणं फक्त चालण्याचं काम उरलं.

ताईचं पत्र वाचलंत का? स्टँडवर तुमच्या खिशात घातलं, तेव्हापासून तुम्ही त्याबद्दल अक्षर काढलेलं नाही. आणि खुर्ची? वाजली का?

ठोक्या

७ जुलै

प्रिय ठोक्या,

ही हाक मी प्रथमच वापरीत आहे. चुकीची वाटल्यास कळवावे. कागद वाचला. "कडा स्वच्छ" हे दोन शब्द मी कार्यालयात, खटल्याच्या कागदांच्या मधोमध ठेवून, दिवसातून अनेकदा वाचले.

गेल्या मंगळवारी तिला जाऊन वर्ष झाले. त्या दिवशी खुर्ची उलटी केली. पट्टा तीन वेळा धप्प वाजला. चौथ्यांदा टण्ण वाजला. खिळे बशीत होते. एक अंगठ्यात गेला, त्याची तक्रार नाही. हे पत्र तिच्याच खुर्चीत बसून लिहीत आहे. आजवर मी तिच्यात बसलो नव्हतो.

त्यानंतर तिचे पत्र उघडले. तू ते मला आधी का वाचून दाखविले नाहीस, हे आता समजते. तिने जे लिहिले ते तसेच उतरवितो, कारण मी तुला जे कळविले होते त्यात आणि यात फरक आहे, आणि नोंद दोन्हींची असावी.

"ठोक्या, गंमत सांगते. जिभेच्या कडेला काहीतरी झालंय, म्हणून मी यांना बॅटरी धरायला लावली. यांचा हात इतका कापत होता की उजेड माझ्या नाकावर, कपाळावर, भिंतीवर, सगळीकडे पडला, जिभेवर सोडून. तेव्हा मीच म्हटलं, जाऊ द्या, दात घासत असेल. हे म्हणाले, हो, दातच घासत आहे. आणि पेटी घेऊन पळाले. सगळ्या बाजाराला घाबरवणारा माणूस माझ्या जिभेला घाबरला रे. कुणाला सांगू नकोस. माझ्या वर्गाच्या सहामाही परीक्षा आटोपल्या शाळेतल्या की जाईन दाखवायला."

माझा हात कापत होता, हे मला आठवत नाही. "दात" हा शब्द तिने आधी उच्चारला, हेही आठवत नाही. डॉक्टरांपुढे तिने मला वाचविले ते दुसऱ्यांदा होते असे दिसते. पहिल्यांदा या पत्रात, आणि तेही तुझ्यापुढे. तिने मला सूट दिली आहे. परंतु तपासणीत सूट धरता येत नाही. शब्द कोणाचाही असो, "हो" मी म्हणालो होतो. तिने शाळेच्या परीक्षा संपण्याची वाट पाहिली, तू गुळण्या सांगितल्यास, मी पेटी उचलली. तिघांनी मिळून तीन महिने काढले. यातील माझा वाटा मी तुझ्यावर ढकलणार नाही आणि तुझा मी स्वतःवर घेणार नाही. तुझा तुला ठेवावा लागेल. तो जड आहे, हे मला ठाऊक आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी खिडकीच्या उजेडात, हाती आरसा घेऊन, स्वतःचे तोंडही पाहू लागलो आहे. जिभेच्या दोन्ही कडा, खालची बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू. आज सर्व ठीक दिसले. "दिसले" एवढेच लिहितो. पुढील आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

विजेरी मेजाच्या खणात होती, ती आता बाहेर खिडकीत ठेवली आहे. खिडकीकडे पाहताना एक गोष्ट मनात येते, ती सांगून थांबतो. तुझ्या वेळी उजेड जागेवर पडला, एवढे तिला कळवावयास हवे होते. तिला कळविण्याची सोय नाही, म्हणून तुला कळवीत आहे.

तुझा भाऊजी